डॉक्टरांपुढे खरा हिशेब

रमजान लागला की गावच्या चौकात संध्याकाळी खजूर, कापलेली फळे, भजी आणि सरबताच्या गाड्या उभ्या राहतात. वासाने ओढलेली सगळ्या आळ्यांतली माणसे तिथे घुटमळतात. याच दिवसांत काही घरांत फ्रिजच्या दारावर रुग्णालयाचा एक कागद चिकटवलेला असतो. त्यावर तारीख, वेळ आणि एकच ओळ असते : शस्त्रक्रियेपूर्वीची तपासणी. ही शस्त्रक्रिया वजन कमी करण्याची. डॉक्टर तिला बेरिॲट्रिक सर्जरी म्हणतात, घरात तिला 'पोटाचं ऑपरेशन' एवढेच नाव असते आणि तेही हळू आवाजात घेतले जाते.

कागद आला की घरात दोन तट पडतात. थोरल्या बायका म्हणतात, 'एवढं कापाकापी कशाला? तीसच्या तीस रोजे नीट धर, वजन आपोआप उतरेल.' शेजारची काकू म्हणते, 'माझ्यासारखे सोमवार आणि एकादशी कर.' ज्याच्या नावाने कागद आला आहे तो माणूस गप्प असतो. त्याने हे सगळे करून पाहिलेले असते. रोजे, सोमवार, सकाळचे चालणे, पेपरातल्या जाहिरातीतली पावडर, नणंदेने सांगितलेला काढा. दरवेळी वजन थोडे उतरले आणि व्याजासकट परत आले.

या दोन तटांच्या गलबल्यात त्या भेटीची तयारी मात्र राहून जाते. तारखेला माणूस मागचे रिपोर्ट एका पिशवीत कोंबून जातो आणि विचारलेल्या प्रश्नांना सुचतील ती उत्तरे देतो. पुढची शस्त्रक्रिया किती सुरक्षित होणार, हे पुष्कळसे याच भेटीत ठरते.

रोजा आणि वजन

आधी थोरल्या बायकांच्या म्हणण्याचा विचार करू, कारण ते प्रेमापोटी आलेले असते. रोजा म्हणजे पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत अन्नपाणी वर्ज्य. पहाटेपूर्वीचे खाणे ती सेहरी आणि रोजा सोडण्याची वेळ ती इफ्तार. महिनाभरात काहींचे एक-दोन किलो उतरतातही, पण ईदनंतरच्या काही आठवड्यांत ते बहुधा परत येतात. इफ्तारला तळणीचे पदार्थ, गोड सरबत आणि फिरनी असेल, तर कित्येकांचे वजन महिनाअखेर उलट वाढलेले दिसते. साबुदाण्याची खिचडी, तळलेले बटाटे आणि शेंगदाण्याचे लाडू खाऊन केलेल्या उपवासाचीही हीच कथा. रोजा आणि उपवास ही उपासना आहे. तिचे मोल किलोत मोजू नये आणि तिच्यावर इलाजाचे ओझेही टाकू नये.

फार वाढलेले वजन हा केवळ जिभेचा दोष नसतो. वजन उतरू लागले की शरीर ते संकट समजते, भूक वाढवते आणि ऊर्जा जपून वापरू लागते. म्हणून निश्चयी माणसेही पुन्हा पुन्हा हरतात. शस्त्रक्रियेने पोट लहान होते, शिवाय भूक आणि साखर सांभाळणाऱ्या संप्रेरकांचे कामही बदलते. स्लीव्ह पद्धतीत जठराचा सुमारे 75 ते 80 टक्के भाग काढतात आणि केळ्यासारखी एक नळी ठेवतात. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला अंड्याएवढी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात. दोन्ही बहुधा दुर्बिणीतून होतात. कुणाला कोणती बरी, हे ठरवायलाच तपासणी असते. खूप आम्लपित्त असणाऱ्याला स्लीव्हने त्रास वाढू शकतो, हे एक उदाहरण.

दोन वेगळे आकडे

भेटीला जाण्याआधी प्रत्येकाने आपला एक आकडा काढावा. किलोतले वजन मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागले की बॉडी मास इंडेक्स, म्हणजे बीएमआय मिळतो. समजा, एका बाईंची उंची 160 सेंटिमीटर आणि वजन 96 किलो आहे. 1.6 गुणिले 1.6 म्हणजे 2.56. त्याने 96 ला भागले की 37.5 येतात.

1991 पासून जगभर चालत आलेला नियम असा होता, की बीएमआय 40 च्या वर, किंवा 35 च्या वर आणि सोबत गंभीर आजार, तरच शस्त्रक्रिया. 2022 मध्ये दोन आंतरराष्ट्रीय संघटनांनी तो बदलला. आता 35 च्या वर इतर आजार नसला तरी शस्त्रक्रियेची शिफारस केली जाते आणि मधुमेह असल्यास 30 च्या वरही. आशियाई माणसांना कमी वजनातच मधुमेह आणि हृदयविकार गाठतात, म्हणून त्यांच्यासाठी ही रेषा आणखी खाली, 27.5 पर्यंत आणली आहे. डॉक्टरांच्या हिशेबाने उदाहरणातल्या बाई शस्त्रक्रियेला पात्र ठरतात.

विमा कंपनीचा हिशेब मात्र निराळा. आरोग्य विम्याच्या प्रमाणित अटींत आजही बीएमआय 40 किंवा त्याहून अधिक असावा लागतो. 35 ते 40 मध्ये असणाऱ्याला हृदयविकार, तीव्र स्लीप ॲप्निया किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह असा आजार सोबत दाखवावा लागतो आणि आधीचे साधे उपाय फसल्याचेही दाखवावे लागते. डॉक्टर 'हो' म्हणाले म्हणून विमा 'हो' म्हणेल असे नाही. म्हणून पॉलिसीची प्रत सोबत न्यावी. जुन्या आहारतज्ज्ञाची चिठ्ठी, जिमची पावती, वर्षा-दोन वर्षांच्या वजनाच्या नोंदी असे जे असेल ते न्यावे. काल ज्याला रद्दी म्हणत होतो, तोच आज पुरावा ठरू शकतो.

वहीत काय लिहावे

या भेटीत एकटे सर्जन नसतात. भूलतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ, फिजिशियन, बहुतेक ठिकाणी मानसोपचारतज्ज्ञही असतात. प्रत्येकजण प्रश्न विचारतो आणि माणसाला ती परीक्षा वाटू लागते. परीक्षा म्हटली की तो पास होणारी उत्तरे देतो. 'गोड फारसं खात नाही.' 'तंबाखू? कधीतरी.' 'झोप छान लागते.' ही उत्तरे देताना तो डॉक्टरांना नव्हे, स्वतःलाच फसवत असतो, कारण भुलेच्या टेबलावर त्यालाच झोपायचे असते.

म्हणून दोनशे पानी वही घ्यावी आणि आठ दिवस, जे तोंडात गेले ते लिहावे. चहा किती कप, साखर किती चमचे, मुलांच्या ताटात उरलेले किती, रात्री टीव्हीपुढे काय. भेट रमजानच्या आसपास असेल तर एक अडचण येते. या महिन्याचे खाणे वर्षाच्या खाण्यासारखे नसते. आहारतज्ज्ञाने 'रोज काय खाता?' असे विचारल्यावर कुणी सेहरी आणि इफ्तार सांगितले, तर योजना चुकीच्या पायावर उभी राहील. दोन पाने करावीत : एकावर रमजानचा दिवस, दुसऱ्यावर उरलेल्या अकरा महिन्यांतला साधा दिवस. चातुर्मास, श्रावण किंवा पर्युषण पाळणाऱ्यांनीही असेच करावे.

पुढचे पान औषधांचे. गोळ्यांची पाकिटे तशीच पिशवीत न्यावीत, नावे आठवत बसू नये. मधुमेहाच्या काही गोळ्या, ज्यांच्या नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' येते, त्या बहुधा शस्त्रक्रियेच्या तीन-चार दिवस आधी बंद कराव्या लागतात. न केल्यास, साखर फार वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचण्याचा धोका असतो. सेमाग्लुटाइडसारखी वजनाची इंजेक्शने जठर रिकामे होण्याचा वेग कमी करतात. भूल देताना पोटात अन्न उरले असेल तर ते फुप्फुसात जाऊ शकते, म्हणून भूलतज्ज्ञाला त्यांची माहिती हवीच. ॲस्पिरिन आणि रक्त पातळ करणारी इतर औषधे, गर्भनिरोधक गोळ्या, हकिमाचे माजून, वैद्याचा काढा, हे सगळे या पानावर यावे. कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करू नये. कधी आणि कितीची, हे डॉक्टरांनीच सांगायचे.

तंबाखूचे पान सगळ्यात अवघड. सिगारेट ओढणारा निदान कबूल करतो. सकाळी मिश्री लावणारी बाई किंवा सुपारीसोबत चिमूट तोंडात टाकणारा माणूस त्याला व्यसन मानतच नाही. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, शिवण भरायला वेळ लागतो, बायपासनंतर व्रणाचा धोका वाढतो. धूम्रपान निदान सहा आठवडे आधी थांबवा, असे बहुतेक केंद्रे सांगतात. काही ठिकाणी रक्ताची किंवा लघवीची तपासणीही करतात. रमजानमध्ये दिवसभर तोंडात काही नसते, हा सोडण्यासाठी चांगला मुहूर्त. इफ्तारनंतर पहिली सिगारेट पेटवली नाही, तर निम्मी लढाई जिंकली.

झोपेविषयी पत्नीला किंवा नवऱ्याला विचारून जावे. घोरणे मध्येच थांबते का, माणूस गुदमरून उठतो का, दिवसा बसल्या जागी डुलकी लागते का? ही स्लीप ॲप्नियाची लक्षणे आहेत. तो असेल तर रात्रीच्या झोपेची तपासणी करतात आणि शस्त्रक्रियेआधी काही आठवडे हवेच्या दाबाचे यंत्र लावायला देतात. ज्याला घोरण्याची लाज वाटते, त्याने ही लाज दवाखान्याबाहेर ठेवावी.

शेवटचे पान मनाचे. रात्री उठून चोरून खाणे, भूक नसताना पोट दुखेपर्यंत खाणे, उदासी, दारू, घरातले टोमणे. हे ऐकून डॉक्टर शस्त्रक्रिया नाकारतील, अशी भीती असते. बहुतेक वेळा ते नाकारत नाहीत, आधी त्यावर उपचार करतात. न सांगितलेले दुखणे शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या रूपात वर येते. खाण्याचा आधार गेल्यावर माणूस दुसरा आधार शोधतो.

कुणी पाहत नसताना

रोजाची एक गोष्ट गैरमुस्लिम मित्रांना नेहमी नवल वाटते. बंद खोलीत, माठ समोर, कुणी पाहत नाही, तरी रोजेदार घोटभर पाणी पीत नाही. त्याची साक्ष त्याच्या मनातच असते. उर्दूत तिला 'नियत' म्हणतात, मराठीत सचोटी म्हणू. या भेटीला त्याच सचोटीची गरज आहे. वही कुणी तपासणार नाही. नातेवाईक बाहेर बसलेले असतील. जे लिहिले ते खरे की खोटे, हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

रोजा असताना तपासणी

तपासण्यांची यादी मोठी असते : रक्ताचे घटक, तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी, थायरॉइड, यकृत, मूत्रपिंड, लोह, बी-12 आणि ड जीवनसत्त्व, ईसीजी, पोटाची सोनोग्राफी, बहुतेक ठिकाणी एंडोस्कोपी. बी-12 आणि ड यांची कमतरता आपल्याकडे सर्रास आढळते. ती शस्त्रक्रियेआधीच भरून काढावी लागते, कारण नंतर शोषण आणखी कमी होते.

रोजा असताना रक्त द्यावे का, हा प्रश्न दरवर्षी येतो. तपासणीपुरते रक्त दिल्याने किंवा साखर पाहण्यासाठी बोट टोचल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक आलिम सांगतात. एंडोस्कोपीविषयी मतभेद आहेत, म्हणून तिची तारीख रमजाननंतरची मागावी किंवा आपल्या इमामांना विचारावे. आणखी एक व्यवहारातली गोष्ट. 'उपाशीपोटी' म्हणजे आठ ते बारा तास. पहाटे पाचला सेहरी करून सकाळी आठला रक्त दिले, तर रोजा असतो पण पोट उपाशी नसते, आणि साखरेचा आकडा चुकतो. अशा वेळी दुपारनंतरची वेळ मागून घ्यावी आणि सेहरी किती वाजता झाली ते सांगावे.

आजाऱ्याला आणि प्रवाशाला रोजा पुढे ढकलण्याची सवलत कुराणातच, सूरह बकरामध्ये दिलेली आहे. राहिलेले रोजे नंतर भरून काढतात, त्याला कजा म्हणतात. ज्याला पुढेही शक्य नाही, तो गरिबाला जेवण देतो, तो फिदिया. इन्शुलिन घेणाऱ्याने किंवा साखर एकदम खाली जाण्याचा त्रास असणाऱ्याने या सवलतीकडे पाठ फिरवू नये. मधुमेह आणि रमजान या विषयावर 2016 मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघासोबत मार्गदर्शिका निघाली, 2021 मध्ये ती सुधारली. तिचे सांगणे साधे आहे : रमजानपूर्वी सहा ते आठ आठवडे डॉक्टरांना भेटा आणि धोका मोजून मग ठरवा.

औषध कशाचे बनले आहे?

हा प्रश्न भेटीत विचारायला लोक संकोचतात. शस्त्रक्रियेच्या सुमारास पायांतल्या शिरांत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून हेपॅरिनच्या जातीची इंजेक्शने देतात. ती बहुतेक डुकराच्या आतड्यातल्या द्रव्यापासून बनतात. जीवनसत्त्वांच्या अनेक कॅप्सूलचे कवच जिलेटिनचे, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्याचे असते. हा प्रश्न एकट्या मुसलमानांचा नाही. जैन आणि शाकाहारी घरांतही तो तितकाच महत्त्वाचा. प्राण वाचवायला दुसरा उपाय नसेल तर अशा औषधाला मुभा आहे, असे अनेक आलिम सांगतात. फोंडापॅरिनक्स नावाचे प्रयोगशाळेत बनवलेले इंजेक्शनही आहे, पण ते आपल्याला चालेल का, हे डॉक्टर ठरवतील. जीवनसत्त्वे गोळीच्या, चघळण्याच्या किंवा शाकाहारी कवचाच्या रूपात मिळतात. ऑपरेशनच्या सकाळी वाद घालण्यापेक्षा दोन आठवडे आधी विचारलेले बरे.

आधीचे पंधरा दिवस, नंतरचे आयुष्य

शस्त्रक्रियेआधी साधारण दोन आठवडे बहुतेक केंद्रे कमी उष्मांकाचा, प्रथिनयुक्त, पुष्कळसा पातळ आहार देतात. जठरावर यकृताचा डावा भाग पडदा घातल्यासारखा असतो. लठ्ठ माणसाचे यकृत चरबीने फुगलेले असते. या आहाराने ते आकसते आणि सर्जनला दुर्बिणीतून जठर नीट दिसते. हा आहार दिवसभर थोडा थोडा घ्यायचा असतो, त्यामुळे तो रोजाशी जुळत नाही. म्हणून शस्त्रक्रियेची तारीख रमजान आणि ईद लक्षात घेऊन मागावी. दिवाळी किंवा घरच्या लग्नसराईचाही असाच विचार करावा. तातडी नसेल तर बहुतेक डॉक्टर ऐकतात.

नंतरचे नियम याच भेटीत समजून घ्यावेत. पहिले दोनेक आठवडे पातळ, मग घोटलेले, मग मऊ, मग साधे अन्न. दिवसाला 60 ग्रॅम तरी प्रथिने. पाणी घोट घोट करून दीड लिटरच्या आसपास, जेवणासोबत नव्हे. जीवनसत्त्वे जन्मभर. पहिल्या काही महिन्यांत केस गळतात, ते बहुधा परत येतात. बाळंतपण निदान वर्ष-दीड वर्ष लांबवावे. अंगदुखीच्या नेहमीच्या गोळ्या विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

आणि पुढचा रमजान? लहानशा जठरात एका वेळी अर्धी वाटी मावते. इफ्तार ते सेहरीच्या मोजक्या तासांत दीड लिटर पाणी आणि 60 ग्रॅम प्रथिने बसवणे पहिल्या महिन्यांत जमत नाही. म्हणून सुरुवातीच्या काळात डॉक्टर रोजे टाळायला सांगतात. पुढे तब्येत पाहून परवानगी देतात. बायपास झालेल्याने गोड सरबत गटागट प्यायले तर छाती धडधडते, घाम फुटतो, पोटात मुरडा येतो. तेव्हा खजूर एकच, तोही चावून चावून, आणि ईदचा शीरखुर्मा दोन चमचे. हे ऐकताना घरातल्यांनाही सोबत न्यावे. आग्रह करणारे हात तेच असतात.

एवढी तयारी करूनही डॉक्टर कधी म्हणतात, 'आत्ता नको.' साखर फार जास्त असते, लोह कमी असते, तंबाखू सुटलेली नसते. माणूस पडक्या चेहऱ्याने घरी येतो. वास्तविक तपासणीने तिचे काम केलेले असते. अशा वेळी तिथेच विचारावे : 'काय सुधारून येऊ, किती दिवसांनी येऊ?' मिळालेले उत्तर वहीच्या नव्या पानावर, तारखेसकट लिहून घ्यावे.